पाटीला हात

जयवंतीबायने पहिल्याच भेटीत मला बांगडा फेकून मारला. चांगला वीतभर, बर्फातला, सरळ डाव्या गालावर. मी फक्त म्हटलं होतं, "मावशी, जरा स्माइल करा ना." बाजारातल्या बायका खिदळल्या, माझ्या कुर्त्यावरून गार पाणी ओघळलं आणि ती खालमानेने पुढचा बांगडा साफ करायला लागली. मग म्हणाली, "धंद्याच्या टायमाला दात नाय दाखवायचे. आन 'करा' काय करते? मी येकटीच बसलीय हितं. तू बोल."

मी बांगडा उचलून परत दिला. तिने तो धुतला आणि माझ्यासमोर पुढच्या गिऱ्हाइकाला विकला.

तेव्हा मी अंधेरीला एका सोशल मीडिया एजन्सीत होते. एजन्सी म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा, सहा टेबलं, गळका एसी आणि आमचा बॉस मंदार. लोणचीवाले, साबणवाले, लाडूवाले असे छोटे छोटे ब्रँड मोबाइलवर लोकांच्या नजरेत कसे आणायचे, हा आमचा धंदा. जयवंतीबायला तिच्या सुनेने आमच्याकडे आणलं. ती खारदांड्याची कोळीण, वय साठीच्या आसपास. सकाळी बाजारात बसायची आणि दुपारी उरलेलं म्हावरं पाटीत भरून खार-सांताक्रूझच्या बिल्डिंगी फिरायची. चाळीस वर्षं जिने चढून गुडघे गेले होते. डॉक्टरने सांगितलं होतं, जिने बंद, ओझं बंद. म्हणून तिला घरचा कोळी मसाला आणि सुकं म्हावरं पाकिटात भरून विकायचं होतं.

"डोक्यावरचं खाली उतरवायचंय बाय," ती मला म्हणाली होती. तिने आमच्याकडे मागितलं ते एवढंच.

मी बोरीवलीची, मालवणी घरातली. मासे खाण्यापलीकडे माझा माशांशी संबंध नाही. रागाच्या बाबतीत मात्र मीही कमी नाही. आजी म्हणायची, ह्या चेडवाच्या नाकार राग. त्यामुळे असेल, पण बांगडा खाऊनही दुसऱ्या दिवशी मी परत गेले.

तिचा हात चालायचा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तिच्याबद्दल काहीच सांगितल्यासारखं होणार नाही. बोलताना ती लाकडी ठोकळ्यावर कोयता आपटायची. साधं बोलणं असलं तर हळू, मुद्द्याचं असलं तर असा की ठोकळ्याचा टवका उडायचा. नवऱ्याने लग्नानंतर एकदाच तिच्यावर हात उगारला होता. तिने समोरचा घोळ मासा शेपटाला धरला आणि तो नवऱ्याच्या तोंडावर घातला. पुढचे दोन दात गेले. म्हातारा हे मला स्वतः तोंड उघडून दाखवायचा, आणि कौतुकाने. "दात गेले, पन घर ऱ्हायलं," म्हणायचा.

तिचं म्हणणं होतं, "मारायचं तर समोरून. आन मारून झालं की हात धुवायचे." हात धुतले की विषय संपला. त्यानंतर तो विषय काढणाराही मार खायचा.

तिच्या शेजारी हिरा बसायची. हिरा तिच्याहून थोडी लहान, किडकिडीत, आवाज मात्र भोंग्यासारखा. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी त्या गावठाणात आल्या, दोघींना सासूकडून शेजारशेजारच्या जागा मिळाल्या, आणि तेव्हापासून दोघी मांडीला मांडी लावून बसत होत्या. एकदा बाजाराच्या गर्दीत एका माणसाने हिराला मागून चिमटा काढला. हिरा ओरडायच्या आत जयवंतीबायने त्याचे केस धरले होते. बर्फाच्या पेटीत मुशी होत्या, वर रक्ताळलेलं पाणी. तिने त्याचं डोकं त्या पाण्यात दाबलं आणि गुडघा मानेवर ठेवला. तो पाय झाडत होता, पाण्यात बुडबुडे येत होते, मग बुडबुडे कमी झाले. शेवटी हिराच म्हणाली, "बास गो. मरंल तो." तेव्हा तिने सोडलं. तो ओकत ओकत, चार पायांवर रांगत गेला. जयवंतीबायने हात धुतले आणि समोर उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "तुकडे करू का आख्खी देऊ?"

हे मी ऐकलेलं. डोळ्यांनी पाहिलं ते त्यांचं रोजचं भांडण.

ते नेहमी पाण्यावरून सुरू व्हायचं. जयवंतीबायच्या बर्फाचं पाणी उतारावरून हिराच्या पायाखाली यायचं. उतार चाळीस वर्षांचा, भांडणही तेवढंच जुनं.

"तुजं पानी माज्या बुडाखाली आलं गो."

"पान्याला मी पाठवलं काय? उतार हाय."

"मुडदा बशिवला तुज्या उताराचा. सगळी साडी भिजली."

"भिजली तर भिजली. नवरा बगनार हाय काय तुजी साडी?"

मग आयमाय निघायची, माशाची आतडी उडायची, बर्फ उडायचा. एकदा जयवंतीबायने कोयता हिराच्या ठोकळ्यात असा घातला की काढायला दोन हात लागले. हिराची बोटं तिथून चार अंगुळं लांब होती. मी नवी होते, दोन पावलं मागे सरले. पण साडेअकरा झाले तशी जयवंतीबायने पाटी भरली, डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून वाकली. हिरा शिव्या देत देतच उठली, पाटीला हात घातला आणि दोघींनी मिळून ती डोक्यावर चढवली. हिराने चुंबळ बोटाने सरळ केली. "जा, मर तिकडं," म्हणाली. जयवंतीबाय फेरीला गेली.

भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीचा हात लागतोच. आणि त्या ओळीत असा कायदा होता की ज्या दिवशी जिच्याशी भांडलात, त्या दिवशी हात तिनेच द्यायचा. बाकीच्या बसून राहायच्या. दुसऱ्या कोणी पुढे झालं तर त्या दोघी मिळून तिलाच फाडून खायच्या. म्हणजे कितीही रक्त तापलं तरी पाटी उचलण्यापाशी भांडण थांबायचं. मला हे कळायला आठवडा लागला. कळलं ते बरं झालं असं म्हणावं, तर पुढे मी जे केलं ते कळूनसवरून केलं.

पहिला महिना वाया गेला. मी तिच्या छान छान रील काढल्या. बोंबील कसे तळायचे, मसाला कसा भाजायचा, मागे हळू संगीत. आमच्या ऑफिसने, तिच्या सुनेने आणि माझ्या आईने पाहिल्या. मी तिला समजावत होते की रोज ठरल्या वेळेला टाकावं लागतं, कमेंटला तासाभरात उत्तर द्यावं लागतं, लोकांनी जपून ठेवावं असं काहीतरी द्यावं लागतं, तेव्हा अल्गोरिदम उचलतो.

"ह्यो अल्गोरिदम कोन?"

"माणूस नाही गं, मशीन आहे. तुझा व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवतं. ते थांबले तर अजून लोकांना दाखवतं. सरकवून पुढे गेले तर संपलं, व्हिडिओ मेला."

तिने कोयता हळू आपटला. "म्हंजे बाजारच की. तीन पावलांत गिऱ्हाईक थांबलं पायजे. चवथ्या पावलाला ते हिराचं."

आमच्या ऑफिसात मंदारने 'पहिले तीन सेकंद' असं मोठ्या अक्षरांत छापून भिंतीला लावलं होतं. त्यावर तो तासभर लेक्चर द्यायचा. हिने एका वाक्यात सांगून टाकलं आणि पापलेटाचं पोट फाडलं.

ताजं म्हावरं कसं ओळखायचं, ही रील जरा चालली. कल्ले उघडून दाखवत ती म्हणाली होती, "लाल हाय तर घे, काळं हाय तर विकनाऱ्याच्या डोक्यात घाल." लोक त्या दुसऱ्या वाक्याला हसले. मंदारने ते बरोबर हेरलं. "हिचा राग विक," तो म्हणाला. "रेसिपी कोण बघतंय यार."

मग मी पाण्याचं भांडण शूट केलं. पूर्ण केलं, शिव्यांपासून पाटी उचलेपर्यंत. टाकलं, बऱ्यापैकी चाललं. दुसऱ्या दिवशी मंदारने मला स्क्रीनवर तो आलेख दाखवला, लोक कुठपर्यंत बघतात आणि कुठे सोडून जातात त्याचा. कोयता ठोकळ्यात रुतेपर्यंत रेघ वर, पाटीला हात लागला की रेघ खाली.

"इथे पब्लिक संपली," मंदार म्हणाला. "पाटीबिटी काढ. कोयत्यावर तोड."

मी म्हटलं, "अरे, पण मग नुसतंच भांडण दिसेल."

"मग?"

मी काढली. दोन बोटांनी तो शेवट उचलला आणि टाकून दिला, दीड मिनिटाचं काम. पुन्हा टाकलेली ती रील संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे गेली. नागपूरहून, दुबईहून मसाल्याची विचारणा यायला लागली. सून पाकिटं भरून भरून थकली, शेजारच्या दोन बायका मदतीला बसवल्या. मंदारने ऑफिसात केक आणला.

जयवंतीबायने ती रील सुनेच्या मोबाइलवर पाहिली. संपली तरी मोबाइल तसाच धरून बसली.

"पाटी कुठाय?"

"काढली. लोक तिथे थांबत नाहीत."

"नाय थांबत?"

"नाही."

तिने हिराकडे पाहिलं. हिराने खांदे उडवले आणि म्हणाली, "मी लय वाईट दिसते गो. पन नथीत बरी दिसते." दोघी हसल्या. जयवंतीबाय म्हणाली, "चालतंय मग तर चालू दे." त्या महिन्यात तिने फेरी बंद केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती दुपारी घरी जेवली, ताटावर बसून, गरम भात.

त्यामुळे तिला दोष देताना माझी जीभ अडते. तिला डोक्यावरचं उतरवायचं होतं आणि ते उतरलं होतं.

आता तिची फेरीच नव्हती, तर तिची पाटी उचलायचंही कारण उरलं नव्हतं. भांडण मात्र दर आठवड्याला लागायचं, कॅमेऱ्यासाठी. हिरा वाईट बाई, जयवंतीबाय तिच्या जाचाने पेटलेली बाई, हे मी कापून कापून बसवलं. प्रत्येक रीलखाली मी एक वाक्य लिहायचे: 'तुम्ही कोणाच्या बाजूने? कमेंटमध्ये सांगा.' हे वाक्य मंदारचं नाही, माझं. लोक सांगायचे. 'या हिराला कोणीतरी ठोका.' 'हिचा पत्ता द्या, बघून घेतो.' मशीनला शिवी काय आणि आशीर्वाद काय, कमेंट ती कमेंट. मी प्रत्येक कमेंटला आगीचं चित्र टाकून उत्तर द्यायचे, कारण पहिल्या तासात उत्तरं दिली की रील वर जाते. आणि पत्ताही मीच दिला. जागा टाकली की आसपासच्या लोकांना जास्त दिसतं, म्हणून दर रीलवर लिहायचे: खारदांडा बाजार, रोज सकाळी अकरापर्यंत, या आणि भेटा.

हिरा अजून फेरी करत होती. तिची पाटी जयवंतीबाय उचलून द्यायची. एके दिवशी हिरा परत आली ती भरल्या पाटीने. सांताक्रूझच्या एका बिल्डिंगीत जुन्या गिऱ्हाइकाने दार लावून घेतलं होतं. "तू जयवंतीला छळतेस ना, तुझं म्हावरं नको." दुसऱ्या बिल्डिंगीत वॉचमनने आतच सोडलं नाही. हिरा सांगताना हसली, मग हसायची थांबली.

"बंद कर गो ते," ती जयवंतीबायला म्हणाली.

"दिवाळी जाऊ दे. येवढी ऑर्डर जाऊ दे, मग बंद."

"माजी पोटाची फेरी जाते."

"माज्या घरातून ने तुला काय पायजे ते."

"मी मागायला आले काय तुज्याकडं?" हिरा म्हणाली आणि पाटीतलं म्हावरं परत बर्फावर लावायला लागली. मी समोर होते. मला वाटलं, हे शूट करायला हवं होतं. असं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

ती पोरं आली तेव्हा साडेदहा झाले होते. बाजार भरलेला. दोन बाइक, पाच पोरं, विशी-बाविशीतली, एकाचा मोबाइल आधीपासूनच वर. मला वाटलं सेल्फीवाले असतील, असे रोज यायचे. त्यातला लाल शर्टवाला हिरासमोर उभा राहिला.

"तूच ती ना?"

हिराने वर पाहिलं. "काय पायजे? सुरमई हाय, हलवा हाय."

त्याने तिची फळी लाथेने उडवली. सगळं म्हावरं गटाराच्या कडेला गेलं. हिरा उठायला गेली तर दुसऱ्याने तिच्या थोबाडीत मारली आणि म्हणाला, "आता कळलं?" ती तोल जाऊन मागे पडली. पडताना उजवा हात आधाराला टाकला तो ठोकळ्यावर, आणि ठोकळ्यावर तिचा स्वतःचा कोयता होता, धार वर. मनगटापासून अंगठ्यापर्यंत हात उघडला. रक्त बर्फावर पडलं आणि बर्फात झिरपत गेलं. हिरा ओरडली नाही. उघडलेल्या हाताकडे बघत राहिली, माशाच्या पोटाकडे बघावं तशी.

मग जयवंतीबाय उठली. तिचे गुडघे, जे उठताना दोनदा थांबायचे, ते त्या दिवशी थांबले नाहीत. तिने कोयता उलटा धरला, पाठ पुढे. पहिला घाव लाल शर्टवाल्याच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला चार हातांवरून ऐकू आला. तो खाली बसला. दुसरा घाव हातावर, तिसरा बरगडीत. बाकीची पोरं मागे सरली, मोबाइलवाला मात्र चित्रण करतच राहिला.

"ताई," तो पोरगा रडत रडत म्हणाला, "ताई, आम्ही तुमच्यासाठी आलोय. तुमच्या बाजूचे आहोत आम्ही."

तिचा हात वर होता तो तसाच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात फोन होता, आणि तो चालू होता. कधी चालू केला ते मला आजही आठवत नाही. रोजची सवय, हाताने आपोआप केलं.

ती पुन्हा त्याच्याकडे वळली आणि तिने त्याच्या तोंडावर कोयत्याची मूठ घातली. एकदा, मग पुन्हा, मग मी मोजू शकले नाही. तो थांबवा थांबवा म्हणायचा, मग तेही म्हणता येईना. ओळीतल्या चार बायकांनी तिला मागून धरलं तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्या दिवशी तिने हात धुतले नाहीत. पोलीस स्टेशनला तशीच बसली, कोपरापर्यंत वाळलेलं रक्त, त्यात हिराचं कुठलं आणि पोराचं कुठलं ते कळत नव्हतं.

पोरगा वाचला. जबड्यात तारा घातल्या. केस दोन्हीकडून झाली, जयवंतीबायला जामीन मिळाला, अजून तारखा पडतायत. हिराच्या हाताचं ऑपरेशन झालं, पण अंगठा आणि दोन बोटं मिटली नाहीत ती नाहीतच. त्या हाताने आता कोयता धरता येत नाही.

त्या मोबाइलवाल्या पोराने व्हिडिओ टाकला. आमच्या सगळ्या रील मिळून झाल्या नसतील इतक्या लोकांनी तो पाहिला. मसाल्याच्या ऑर्डरी सुनेला मोजता येईनात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मंदार खुर्ची गोल फिरवत म्हणाला, "वाईट झालं यार. पण पोहोच बघ. हे पैसे टाकून मिळत नाही. आता दोन दिवस गॅप देऊ नकोस."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो म्हणाला, "वेडी झालीस का?" मी दुसरी वाजवली आणि बॅग उचलून निघाले. जिन्यात लक्षात आलं की यात मी माझी सुटका करून घेत होते. आलेख त्याने दाखवला, पण कापलं मी होतं.

चार दिवसांनी मी खारदांड्याला गेले. वाटलं, जयवंतीबाय माझाही जबडा मोडेल. मोडला असता तर बरं वाटलं असतं. ती ओट्यावर बसली होती, मसाल्याची पाकिटं फोडून परत डब्यात ओतत होती.

"तुज्याकडं ते हाय?" तिने विचारलं. "पाटीचं?"

"काय?"

"ते कापलेलं. हिरा मला पाटी चढवते ते."

होतं. सगळं माझ्या फोनवर ठेवलेलं होतं, एजन्सीत काही फेकत नाहीत, आणि अकाउंटही अजून माझ्याकडेच उघडं होतं. "टाक ते," ती म्हणाली. "नुसतं तेच टाक." मी तिथेच बसून एकेक तुकडा जोडला. हिरा शिव्या देत उठतेय, हिरा पाटीला हात घालतेय, हिरा चुंबळ सरळ करतेय. टाकलं. ती माझ्या शेजारी बसून राहिली. तासाभराने विचारलं, "किती जनांनी बगितलं?"

मी सांगितलं. शेवटपर्यंत बघणाऱ्यांचा आकडा दोन्ही हातांच्या बोटांवर मावत होता.

"बंद कर दुकान," ती म्हणाली. मी तिच्यासमोर अकाउंट पुसून टाकलं. तिने मला मारलं नाही, शिवी दिली नाही, जेवतेस का म्हणूनही विचारलं नाही. निघताना मी म्हटलं, "बाय, चुकलं माझं." ती म्हणाली, "तुजं येकटीचं असतं तर तुला सोडली नसती."

मसाला बंद म्हणजे परत फेरी आली. तिच्या सुनेकडून मला कळायचं. हिरा तीन महिन्यांनी बाजारात परत आली, त्याच जागेवर बसली, पण बोलत नव्हती. सुरमई नाही, शिवी नाही, काही नाही. तिचं म्हावरं तिची लेक कापून द्यायची. जयवंतीबायची पाटी उचलायला बाकीच्या बायका पुढे यायच्या, तर ती त्यांना हाकलायची. दोन हातांत दोन पिशव्या घेऊन जायची, थोडं थोडं म्हावरं, दोनदा खेपा करत, त्या गुडघ्यांनी. पाटी उलटी करून ठेवलेली असायची. आणि सून म्हणाली, "आई आता बर्फाखाली गोणपाट लावतात. पाणी त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून."

मी शेवटचं त्यांना पाहिलं ते यंदा, उन्हाळ्याच्या तोंडावर. दुसऱ्या नोकरीच्या कामाने खारला आले होते. पाय तिकडे वळले. लांबूनच उभी राहिले, सुक्या बोंबलांच्या ओळीमागे.

दोघी शेजारशेजारी, मधे कोरडी फरशी. साडेअकरा होत आले होते. जयवंतीबायची पाटी सुलटी होती, निम्मी भरलेली. ती बराच वेळ पाटीकडे बघत बसली. मग तिने खाली वाकून गोणपाट ओढून काढलं, बर्फाची पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि सगळंच्या सगळं गार, लालसर पाणी हिराच्या मांडीवर ओतलं.

पैसे देणारा एक माणूस नोट हातात धरून थांबला. हिराच्या साडीतून पाणी गळत होतं. ती हलली नाही. जयवंतीबाय रिकामी पेटी धरून उभी होती आणि तिचे ओठ थरथरत होते, हे मी बघितलं, मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती.

"मुडदा बशिवला तुजा," हिरा म्हणाली. आवाज आधी बसलेला निघाला, मग भोंगा लागला. "भवाने, आंधळी झालीस काय? सगळी साडी भिजली माजी. जळलं तुजं थोबाड ते."

"उतार हाय," जयवंतीबाय म्हणाली.

हिराने डाव्या हाताने एक बांगडा उचलून तिच्या तोंडावर मारला. मग अजून एक. इतक्या महिन्यांचं सगळं निघालं, हात, फेरी, दिवाळी, ती रील, आईबाप, सात पिढ्या. लेक आवरायला गेली तर हिराने तिलाही एक ठेवून दिली. जयवंतीबाय उभी राहून खात होती. बांगडे संपले तेव्हा हिरा दमून उभी राहिली, छातीचा भाता वरखाली होत होता.

जयवंतीबायने डोक्यावर चुंबळ ठेवली. पण एका हाताने हिराला पाटी तेवढ्या उंच नेता येणार नव्हती. मग जयवंतीबायने फरशीवर एक गुडघा टेकला. तोंडातून आवाज निघाला तो तिने गिळला. दुसरा टेकला. त्या ओल्या, खवल्यांनी भरलेल्या फरशीवर ती मान खाली घालून बसली. हिराने पाटी डाव्या हाताने ओढून पेटीवर चढवली, कमरेने ढकलली, न मिटणारा उजवा हात कडेला नुसता लावला आणि पाटी तिच्या डोक्यावर सरकवली. चुंबळ वाकडी झाली होती. ती त्या वाकड्या बोटांनीच सरळ केली.

आता उठायचं होतं. पहिल्यांदा ती उठली नाही, दुसऱ्यांदाही नाही. हिरा शिव्या देत तिच्या काखेत हात घालून उभी होती. माझा फोन पिशवीत होता. बराच वेळ गेला. ओळीतल्या बायका, गिऱ्हाइकं, तो नोटवाला माणूस, जयवंतीबाय पूर्ण उभी राहीपर्यंत जागचं कोणी हललं नाही.